परसरामजींची खुंट्यांची फळी

परसराम नंदागवळी आमच्या कारखान्यात नोकरीला येणाऱ्या मुलींची परीक्षा घ्यायचे. कारखाना विजेच्या मीटरचा होता, भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालं की हायवेलाच लागून. मीटरच्या आतले बारीक भाग जोडायला मुलीच घेत, आणि घेण्याआधी त्यांच्या बोटांची परीक्षा होई. मी भरतीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. माझं टेबल परसरामजींच्या टेबलासमोर, त्यामुळे १९७४ पासून पुढची कितीतरी वर्षं मी या माणसाशी भांडण्यात घालवली. गंमत अशी, की भांडायची मी एकटीच. ते ऐकून घेत, चष्मा पुसत आणि शेवटी म्हणत, "तुमचं म्हननं बरोबर असू शकते, निर्मलाबाई." त्यावर माझा राग आणखी वाढायचा.

परीक्षा दिसायला साधी होती. प्रत्येक मुलीपुढे एक लाकडी फळी, फळीला ओळीनं बारीक भोकं, आणि शेजारी वाटीत पितळेच्या खुंट्या. शिट्टी वाजली की एकेक खुंटी उचलून भोकात घालायची, पाच मिनिटांनी पुन्हा शिट्टी. जितक्या खुंट्या भोकात, तितके मार्क. वशिला लावायला जागाच नाही, असं परसरामजी अभिमानानं सांगत.

परीक्षेच्या दिवशी ते शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावत. मुलींच्या खांद्याला नंबराचे कागद टाचलेले असत आणि परसरामजी फक्त नंबर बघत. नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. एखादीनं विचारलं, "काकाजी, पाणी कोठी आहे?" तर माठाकडे बोट दाखवत, तोंड उघडत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, "दोन शब्द बोलले तर काय जीभ झिजते तुमची?" तर म्हणाले, "एकीसंग दोन बोलीन, दुसरीसंग तीन होतील. ते बरोबर नाही." घरी जेवतानाही ते मुलांच्या ताटातला भात तोलून वाढत असतील, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा हसले मात्र मनापासून.

या वेडाला कारण होतं. छप्पन साली त्यांच्या घरानं धम्म घेतला तेव्हा ते शाळेत होते. मॅट्रिक झाल्यावर नोकरीसाठी दोन-तीन ठिकाणी तोंडी मुलाखतीला गेले. तिथे आधी नाव विचारत, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला आहे ते. घराची बाजू सांगितली की समोरचा माणूस पेनाला टोपण लावायचा. हे त्यांनी मला सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं. पुढे एका ठिकाणी लेखी परीक्षा झाली, पेपरावर नाव नाही, नुसता नंबर. परसरामजी पहिले आले. "ज्यानं माहा पेपर तपासला त्याले मी कोन आहो हे माहीत नव्हतं," ते म्हणाले, "तेवढाच त्याचा माह्यावर उपकार." तेव्हापासून नंबर टाकून घेतलेल्या परीक्षेवर त्यांची जी भक्ती बसली ती बसली. मी घरी रोज देवाला दिवा लावते, पण इतकी श्रद्धा माझी देवावरही नाही.

आणि ही श्रद्धा त्यांना महागही पडली होती. त्यांची थोरली बहीण बायजाबाई लाखनीहून आत एका खेड्यात राहायची. तळ्याच्या पाळीखाली थोडी धानाची शेती, आणि बाकीचं घर विड्यांवर चालायचं. तिची मुलगी सत्यवती १९७८ साली आमच्याकडे परीक्षेला आली. परसरामजींनी तिच्याकडे बघितलंही नाही. शिट्टी वाजवली, घड्याळ बघितलं, भोकं मोजली आणि नापास केली. मी निकाल टाइप केला तेव्हा मला माहीतही नव्हतं ती यांची कोण. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळलं आणि सगळा कारखाना थक्क झाला. "नंदागवळी कोनाचा नाही" असं लोक म्हणू लागले, आणि ते कौतुकानं म्हणत. दरवर्षी नवा तांदूळ आणि लाखोळीची डाळ बहिणीकडून यायची, ती मात्र त्या सालापासून बंद झाली. बहीण घरी येईनाशी झाली. परसरामजी याबद्दल काही बोलत नसत. पण "कोनाचा नाही" हे शब्द ऐकले की त्यांची मान जरा ताठ व्हायची, ते मी बघितलं आहे.

मग १९८१ उजाडलं. आमचे मॅनेजर साहेब पुण्याकडचे, वागायला सभ्य माणूस, पण आकड्यांवर फार विश्वास. त्यांनी मला मागच्या सगळ्या परीक्षांचा गोषवारा करायला सांगितला आणि मी तो केला. भंडारा शहरातल्या आणि जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या मुली निम्म्याहून जास्त पास होत होत्या. खेड्यातून आलेल्या मुली पाचांत एक. साहेबांनी परसरामजींना बोलावलं, मी टिपण घ्यायला होतेच.

"आकडे स्पष्ट आहेत, नंदागवळी," साहेब म्हणाले. "शेतात काम करणाऱ्या मुलींची बोटं जड असतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांना उगाच बोलवायचं, आशा लावायची, परत पाठवायचं, हे मला पटत नाही. दिवाळीनंतरच्या भरतीपासून खेड्यातले अर्ज बाजूला ठेवू या."

परसरामजींनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, कोणाला कळलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "बोटं जड? परसरामजी, त्यातल्या अर्ध्या पोरी बिड्या वळतात. चालत्या बसमध्ये बसूनसुद्धा वळतील. त्याईची बोटं जड, अन् क्वार्टरमधल्या पोरींची हलकी?"

"आकडा खोटा नाही, निर्मलाबाई. मीच मोजला आहे."

"आकडा खरा असंल. पन तो काय सांगून राहिला ते तर पाहा."

"ते मले माहीत नाही," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ चष्मा पुसत बसले. या वेळी माझं म्हणणं बरोबर असू शकतं असं ते म्हणाले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

त्यानंतरच्या रविवारी जे झालं ते त्यांनी मला सोमवारी सकाळी सांगितलं. घरचं काही सांगायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात करायलाच त्यांना दोन कप चहा लागला. ते एक फळी आणि खुंट्या घरी घेऊन गेले होते, पितळ चिंचेनं घासायला. हे काम ते शिपायाला सांगत नसत. अंगणात चटईवर खुंट्या ओतल्या तर त्यांच्या बायको विमलाबाई मदतीला येऊन बसल्या. विमलाबाई लग्नाआधी माहेरी विड्या वळायच्या. त्यांनी खुंट्यांना हात घातला आणि घासायचं राहिलं बाजूला, आधी दोन ढीग केले. एक मोठा, एक लहान.

"हे काय करून राहिली?" परसरामजींनी विचारलं.

"ह्या छाटच्या आहेत ना," विमलाबाई म्हणाल्या. "हिले चरा आहे, ही काळी पडली, ही जराशी वाकडी आहे. ह्या कोन घेईन?"

ज्यांना विडीचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाया घरी विड्या वळून कंपनीच्या डेपोवर नेतात. तिथे एक माणूस बसलेला असतो, तो विड्या बोटांनी चाचपतो आणि ज्या मनास येत नाहीत त्या बाजूला काढतो. त्या छाटच्या. त्यांची मजुरी नाही, वर बोलणी खायची ती वेगळी. म्हणून बाई घरूनच निवडून घेते. शिरा जाड असलेलं पान बाजूला, भोक असलेलं पान बाजूला, आणि मग कामाला हात. सात-आठ वर्षांच्या मुलीला आई पहिलं शिकवते ते वळणं नाही, निवडणं.

आमच्या खुंट्या वर्षानुवर्षं वापरून चरे पडलेल्या होत्या. भोकात सगळ्या नीट जात, पण दिसायला एकसारख्या नव्हत्या. खेड्यातली मुलगी वाटी पुढे ओढायची, खुंटी उचलून निरखायची, चरा दिसला की बाजूला ठेवायची. चांगलं काम दाखवायला आली होती ती. वाईट माल घातला तर साहेब काढून टाकतील असं तिला वाटे. क्वार्टरमधल्या मुलींना डेपो माहीत नव्हता. त्या शाळेत घड्याळ लावून पेपर लिहिलेल्या, हाताला येईल ती खुंटी भोकात कोंबायच्या आणि पास व्हायच्या. दोघींची बोटं सारखीच चालायची. एकीचा वेळ निवडण्यात जायचा, एवढाच फरक.

"मंग मी विमलाले म्हटलं, निवडू नको, हाताले येईन ती घाल," परसरामजी म्हणाले.

"मग?"

"आधी म्हने, घरात घड्याळ लावाचं नाई. मंग घातल्या." त्यांनी मला आकडा सांगितला नाही, पण विमलाबाई सहज पास झाल्या असत्या हे आवाजावरून समजलं. "अन् निर्मलाबाई, माही मायबी बिड्याच वळत होती. मी लहानपनी तिच्या पाठीमागं डेपोवर जात होतो. छाट म्हनजे काय, हे मले कोनी शिकवाची गरज नव्हती."

साहेबांकडे ते त्याच दिवशी गेले. मागणी एवढीशी होती. परीक्षेआधी एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायचं: सगळ्या खुंट्या चांगल्या आहेत, निवडू नका, हाताला येईल ती घाला.

साहेब म्हणाले, "नंदागवळी, परीक्षा सगळ्यांना सारखी असावी असं तुम्हीच आजवर सांगत आलात. आता तुमच्या लोकांसाठी सोपी करायची म्हणता?"

"तुमचे लोक" हा शब्द त्यांना कुठे लागला ते मला दिसलं. खेड्यातल्या त्या मुली सगळ्या जातीच्या होत्या, तेलीण, कोष्टीण, ढिवरीण, कुणब्याच्याही होत्या. पण परसरामजींनी त्याचा वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, सोपी नाही करत. वाक्य सगळ्यांनाच वाचून दाखवू. ज्यांना ते आधीपासून ठाऊक आहे त्यांचं काही बिघडणार नाही." साहेब आकड्यांचे असल्यामुळे एक बॅच करून बघायला तयार झाले.

त्या बॅचला परसरामजी आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारांशी बोलले. वाक्य पाठ असूनही कागद डोळ्यांसमोर धरला. दोनदा वाचलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "चरा पडलेल्याबी घालाच्या का जी?" आणि ते म्हणाले, "चरा पडलेल्याबी घालाच्या, बाई." निकाल लागला तेव्हा अंतर पुष्कळ कमी झालं होतं. पूर्ण गेलं नाही. क्वार्टरमधल्या मुली थोड्या पुढे राहिल्याच, खुर्ची-टेबलावर बसून काम करायची सवय हेही असेल. पण खेड्यातली पाचांत एकच पास, अशी गत राहिली नाही. साहेबांनी आकडे दोनदा तपासले आणि खेड्यातले अर्ज बाजूला ठेवायचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांना मी त्याबद्दल मार्क देते.

इथे गोष्ट संपली असती तर सगळे सुखात राहिले असते. पण परसरामजींनी पुढचं पाऊल टाकलं. मागे ज्या नापास झाल्या त्यांना पुन्हा बोलवा, असं ते म्हणू लागले. साहेब म्हणाले, बघू. मग म्हणाले, ठीक आहे, मागच्या तीन वर्षांतल्या बोलवा. आणि दारापर्यंत गेलेल्या परसरामजींना परत बोलावून हळूच म्हणाले, "त्यात तुमची भाचीही आहे ना? लोक म्हणतील, हा सगळा खटाटोप तिच्यासाठी केला. तिचं नाव तेवढं काढून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतो." साहेब खरंच त्यांच्या भल्याचंच सांगत होते.

परसरामजी टेबलाशी आले आणि मला म्हणाले, "सत्यवतीचं पत्र टाइप करू नका."

मी टाइपरायटरवरचे हात काढले. "काहून?"

"मी नातेवाईक आहो."

"नापास करताना नव्हते का?"

"तेव्हा मी नियमानं केलं."

"अन् आता कोनता नियम सांगते, की सगळ्या पोरींवर झालेला अन्याय निस्तरावा, फक्त नंदागवळीच्या भाचीवरचा तसाच ठेवावा?" माझा आवाज चढला होता, शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. "परसरामजी, ती पोरगी तुमची भाची आहे म्हनून तिचं नाव काढता. म्हनजे तुमी तिचं नातं पाह्यलंच ना? नंबर कोठी पाह्यला?"

त्यांनी डबा उघडला नाही त्या दिवशी. मला नंतर वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. त्यांच्याजवळ जपायला होतं काय? शेत नाही, घर भाड्याचं, पगार बेताचा. एक नाव होतं, कोणाचा नाही असं. इतक्या वर्षांत बहिणीला दुखावून ते राखलं होतं. ते आता त्यांनी स्वतःच्या हातानं द्यायचं होतं, आणि तेही अशा मुलीसाठी जी त्यांच्याशी बोलतसुद्धा नव्हती.

पाच वाजता सायकलचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "करा टाइप." मग अटी सांगितल्या, कारण अटीशिवाय तो माणूस पाणीही प्यायला नसता. परीक्षेच्या दिवशी ते रजेवर राहणार, घड्याळ दुसऱ्या माणसाच्या हातात राहणार, आणि भाचीचं पत्र ते स्वतः नेऊन देणार पण सोबत कारखान्याचा एक साक्षीदार असणार, म्हणजे तिच्या कानात काही सांगितलं असं कोणी म्हणू नये. साक्षीदार म्हणजे मी. रविवार माझा गेला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. सत्यवती परीक्षेला आली आणि पास झाली, काही फार वर नाही, मधल्या मार्कांनी. तारा गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागली आणि मी नोकरी सोडेपर्यंत तिथेच होती. तिच्यासारख्या आणखी काही लागल्या. काही आल्याच नाहीत, लग्नं होऊन लांब गेल्या होत्या. आणि कँटीनमध्ये लोक जे म्हणायचं ते म्हणालेच: "शेवटी नंदागवळीबी आपल्या मानसाचाच निघाला." परसरामजी तिथे भाजी-पोळी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं, रिकामी जागा बघितली आणि त्याच लोकांच्या शेजारी बसून जेवले. मला तेव्हा ते फार आवडले, आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी विषय बदलला.

पण माझ्या मनात राहिला आहे तो रविवार. लाखनीला बस सोडून आम्ही आत चालत गेलो. धान कापून झालेला होता, बांध्यांमध्ये लाखोळी उगवून आली होती. परसरामजी इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कारखान्याचं पाकीट, आणि सगळ्या वाटेत माझ्याशी एक शब्द नाही. घर आलं तर बायजाबाई आणि सत्यवती अंगणात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. भावाला बघून बायजाबाईंचा हात थांबला नाही.

"काय गा," त्या म्हणाल्या, "रस्ता चुकला का?"

"नाही, बाई. सत्यवतीचं पत्र घेऊन आलो." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्या निर्मलाबाई, आमच्या ऑफिसातल्या. साक्षीदार म्हनून आनलं."

"बहिनीच्या घरी याले साक्षीदार लागते?" बायजाबाई मला म्हणाल्या. मग त्यांनीच मला पाट दिला.

परसरामजी उभ्या उभ्या बोलले. खुंट्यांचं, छाटेचं, विमलाबाईंनी केलेल्या दोन ढिगांचं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक परीक्षेची होती. सत्यवतीची नव्हती." त्यांनी हे वाक्य वाटेत चालताना जुळवलं असणार. सत्यवतीनं पाकीट घेतलं, फोडलं नाही. ती तेव्हा वीस-एकवीसची असेल, मामासारखीच सपाट आवाजात बोलणारी.

"मामा, एक इचारू?"

"इचार."

"मी खुंट्या बाजूले ठेवून राहिली होती, तवा तुमी मले काहून नाई इचारलं, हे कायले करून राहिली म्हनून?"

"परीक्षेत बोलत नाही."

"दुसऱ्या पोरीले इचारलं असतं?"

"नाही."

"कोनालेच नाई?"

"कोनालेच नाही."

सत्यवतीचा चेहरा मोकळा झाला. "म्हनजे तुमी मले मुद्दाम नाई पाडलं," ती म्हणाली. "मले वाटे, भाची आहे म्हनून पाडलं. तुमच्या नावाले डाग लागू नये म्हनून. तीन वरसं मी तेच समजून होती." आणि ती चक्क हसली. मामानं आपल्यालाही इतरांसारखंच वागवलं, यात तिला एवढं समाधान होतं.

परसरामजी त्या इस्त्रीच्या पँटीत तसेच मातीत खाली बसले.

"मुद्दाम नाही पाडलं, पोरी," ते म्हणाले. "पन तू पहिली खुंटी बाजूले ठेवली ते मी पाह्यलं होतं. अगदी मायसारखी ठेवली तू, दोन बोटांनं. मले मायची याद आली. डेपो डोळ्यापुढं आला. अन् मी घड्याळाकडं पाहाले लागलो." हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. "वाटलं, आता हिले काही इचारलं तर तो पक्षपात होईन."

बायजाबाईंच्या हातातली विडी अर्धी वळून राहिली होती, आणि तंबाखू सुपात सांडत होता.

"परसराम," त्या म्हणाल्या, "माय आली असती तुह्या परीक्षेले, तर मायलेबी नापास केलं असतं का रे?"

परसरामजींनी बहिणीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही, साक्षीदार असूनही.

"केलं असतं, बाई," ते म्हणाले, आणि रडू लागले.

बायजाबाईंनी सूप खाली ठेवलं, लुगड्यावरचा तंबाखू झटकला आणि भावाजवळ जाऊन मातीत बसल्या. सत्यवती चुलीवर चहा ठेवायला आत गेली.